मासोळीनं गिळलेली पिल्लं

हसू नका, पण आयुष्यात मी सगळ्यात जास्त घाबरलो ते एका बोटभर मासोळीमुळे. तेव्हा मी धुळ्याला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. त्यांनी मुंबईहून परदेशी मासे आणून काचेच्या पेटीत पाळले होते. वर्षभरानं एकदाची मादीला पिल्लं झाली, आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना शिरपूरहून बोलावणं आलं. जाताना म्हणाले, "गोविंदा, पिल्लं सांभाळ. एकही कमी झालं तर बघ!"

मी पेटीपाशी वाकलो मात्र, मादीनं आ केला आणि सगळी पिल्लं तोंडात घेतली. डॉक्टरांची आई ओरडली, "बठ्ठा पिल्ला खाई गई ती!"

नोकरी गेलीच म्हणायची. एखादं तरी उरलं असेल म्हणून दिवसभर पाण्यात शोधत बसलो.

संध्याकाळी डॉक्टर आले. मी रडकुंडीला येऊन सांगितलं, "साहेब, मादीनंच खाल्ली हो सगळी."

त्यांनी मला दंडाला धरून दाराशी नेलं. "इथं गप उभा राहा."

थोड्या वेळानं मादीनं तोंड उघडलं. एकेक पिल्लू बाहेर आलं.

"खाल्ली नाहीत रे, लपवली होती," डॉक्टर म्हणाले. "तुझ्या भीतीनं बिचारी दिवसभर तोंड मिटून उपाशी राहिली."