शंका नाही

(करसल्लागारांचं कार्यालय, फायलींची खोली, दुपारचे अडीच. उघड्या कपाटापुढे जमिनीवर बसलेली विभागप्रमुख, आणि दारात तिच्या आधीचे प्रमुख. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी त्यांना सगळे मास्तरच म्हणतात.)

प्रमुख — 'ज्या फायलीवर "शंका नाही" असं लिहिलेलं असेल, ती आधी उघडायची.' खुर्ची देताना तुम्ही एवढंच सांगितलं होतंत, सर. आणि मी हसले होते.

मास्तर — हसली नव्हतीस. 'हो हो' म्हणाली होतीस. ते हसण्यापेक्षा वाईट. सरक जरा, मला त्या खोक्यावर टेकू दे. किती निघाली?

प्रमुख — अकरा. सगळी कर विभागाची पत्रं. एकही पाकीट फोडलेलं नाही. मुंगीच्या कपाटात, फायलींच्या मागे, उभी लावून ठेवली होती. तारखेप्रमाणे.

मास्तर — तारखेप्रमाणे?

प्रमुख — लपवतानासुद्धा नीट लपवलंय. उगाच का आपण तिला मुंगी म्हणायचो. खाली मान, दिवसभर काम, तोंडातून शब्द नाही.

मास्तर — तुला कळलं कसं?

प्रमुख — चष्म्याच्या दुकानवाल्यांचा फोन आला सकाळी. दंडाची नोटीस थेट त्यांच्या घरी गेली. आधीच्या पत्राला उत्तर का दिलं नाही म्हणून विचारत होते. मी म्हटलं, असं पत्रच आलेलं नाही. ठासून म्हटलं. मग येऊन कपाट उघडलं.

मास्तर — आणि मुंगी कुठेय?

प्रमुख — काल जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडली ती आलीच नाही. पर्स नेली, डबा इथेच. काल फोन वाजत होता, उचलत नव्हती. आज वाजतही नाही.

मास्तर — मग आता?

प्रमुख — चारला भागीदार बसणार आहेत. टिपण त्यांनी आधीच करून पाठवलंय. 'संबंधित कर्मचाऱ्याने वरिष्ठांपासून माहिती दडवून ठेवली.' खाली माझं नाव, सहीपुरती जागा. मोठे भागीदार अगदी गोड आवाजात म्हणाले, पुढच्या महिन्यात तुमचंही नाव दारावरच्या पाटीवर लावायचंय, तेव्हा हे आजच्या आज निस्तरून टाकू.

मास्तर — मग कर की सही. खोटं काय आहे त्यात? दडवलीच तिने.

प्रमुख — सर, चिडवू नका.

मास्तर — चिडवत नाही, विचारतोय. जन्मभर तेवढंच केलं मी.

प्रमुख — ही चिठ्ठी बघा. फायलीच्या पुठ्ठ्यावरची, तुम्हीच सुरू केलेली. विवरणपत्र करणाऱ्याने शंका लिहायच्या, तपासणाऱ्याने उत्तरं द्यायची, मग सही. ही मुंगीची जुनी. सात शंका. ही पाच. हिच्यावर तर जागा पुरली नाही, मागेही लिहिलंय. आता ही घ्या, आठ महिन्यांपूर्वीपासूनची.

मास्तर — शंका नाही. शंका नाही. शंका नाही. अक्षर सुरेख आहे गं पोरीचं.

प्रमुख — आणि शेजारी माझी सही. प्रत्येकीवर.

मास्तर — आठ महिन्यांपूर्वी काय झालं?

प्रमुख — काही नाही. म्हणजे, अगदी एवढंसं. लेकीला ताप होता, पाळणाघराचा फोन चालू होता, आणि ही फाइल घेऊन दारात उभी. कुणाच्या तरी परदेशातल्या घराचं भाडं कुठे दाखवायचं, असलं काहीतरी विचारत होती. मी फोनवर हात ठेवला आणि म्हटलं, 'इतकंही कळत नसेल तर कशाला बसवलंय तुला इथे?' तिने मान हलवली. जाताना दार हळूच लावून घेतलं. मी संध्याकाळपर्यंत विसरलेसुद्धा.

मास्तर — तिने विचारणं बंद केलं.

प्रमुख — आणि मी खूश. खरं सांगू? पाळणाघर सहाला बंद होतं. पाच मिनिटं उशीर झाला, तर तिथल्या बाई पोरीला बूट घालून, दप्तर अडकवून पायरीवर उभी करतात. बाकीच्यांची एकेक फाइल म्हणजे अर्धा अर्धा तास. मुंगीची आली की मला हायसं वाटायचं. सही केली की मी जिन्यात. वर्षअखेरच्या बैठकीत तर सगळ्यांसमोर म्हटलं, 'हिच्याकडून शिका, हिची एकही शंका नसते.' टाळ्या वाजवल्या आम्ही.

मास्तर — तेव्हा ती काय म्हणाली?

प्रमुख — हसली. खाली बघून. सर, घरी लेकीची एकेक शिंक मोजते मी. ती दुसऱ्या खोलीत गप्प झाली तर हातातलं टाकून धावते, कारण पोर गप्प म्हणजे काहीतरी भानगड. आणि इथे एक आख्खी बाई आठ महिने गप्प होती.

मास्तर — तू किती डोकं खायचीस माझं, आठवतं? मी डबा घेऊन जिन्यात जेवायचो.

प्रमुख — मला वाटायचं, तुम्हाला तिथली हवा आवडते.

मास्तर — हवा कसली, तिथे लादी पुसायची फडकी वाळत असायची. तुझ्यापासून लपायचो. तर तू तिथेही हजर, कागद घेऊन. पण म्हणून मी मोठा चांगला होतो असं मनात आणू नकोस. माझी घरी कुणी वाट बघत नव्हतं. वेळ होता माझ्याकडे, दुसरं काही नाही.

प्रमुख — थकलेय हो. हे पद मिळालं तेव्हा वाटलं होतं, आता कागद कमी बघायचे, माणसं जास्त. कागद कमी झाले, तेवढं खरं.

मास्तर — चारला काय सांगणार आहेस?

प्रमुख — लिहिलंय. वाचू? 'अकराही पत्रं माझ्या विभागात आली. गेले आठ महिने या फायलींवर तपासणीची सही माझी आहे. मी त्या तपासल्या नाहीत, फक्त सह्या केल्या. सात पत्रांची मुदत अजून बाकी आहे, त्यांची उत्तरं मी देते. उरलेल्या चौघांना मी स्वतः भेटून सांगते.' चष्मेवाल्यांना फोन करून झाला. खूप बोलले. मी ऐकून घेतलं.

मास्तर — दारावरची पाटी जाईल हं.

प्रमुख — जाईल. नवऱ्याला सांगितलं मघाशी. 'घरी आलीस की बोलू' म्हणाला. म्हणजे भांडू.

मास्तर — दे ती पाकिटं इकडे. चष्मा आणलाय मी. दोघं बसलो तर परवापर्यंत साती उत्तरं होतील.

प्रमुख — ते मी करीन. त्यासाठी नाही बोलावलं तुम्हाला. मुंगी तुमच्या मागच्याच रस्त्यावर राहते, शिंप्याच्या दुकानाच्या वर, एकटी. त्या शिंप्याला फोन केला होता. तो म्हणतो, काल दुपारी वर गेली, तेव्हापासून जिन्यावर पाऊल वाजलं नाही, पण खिडकीतून पंखा फिरताना दिसतोय. मी गेले तर ती दार उघडायची नाही. साहेबीण आली म्हणून आणखीच आत जाऊन बसेल. तुम्ही तिला कामावर घेतलं होतंत. तुम्हाला उघडेल.

मास्तर — आत्ताच निघतो. काय सांगू तिला?

प्रमुख — काही सांगू नका. हा तिचा डबा. धुवून ठेवलाय. हा द्यायला आलो म्हणा. ती दार अर्धंच उघडेल, डबा घेईल आणि म्हणेल, सगळं ठीक आहे. तसं म्हणाली ना, सर, तर तिथून हलू नका.