ठिपकीला हाकलण्याबद्दल दोन शब्द

आजच्या सभेचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे सख्खे मामा आणि गावाचे बेकरीवाले. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलोय त्या आपल्या वन्यप्राणी केंद्राच्या डॉक्टरबाई. व्यासपीठावर बसून चोरून घड्याळ बघणारे पाहुणे. समोरचे सभ्य बंधू-भगिनी आणि मागच्या रांगेतली आमची असभ्य मित्रमंडळी!

मला बजावलंय, बाईंबद्दल चांगलं बोल आणि लवकर खाली बस. बाई चांगल्या आहेत. झालं. आता उरलेल्या वेळात ठिपकीबद्दल बोलतो, कारण आज बाईंनाही दुसरं काही सुचत नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ठिपकी म्हणजे रानमांजर. एवढंसं पिल्लू होतं, बेकरीमागच्या लाकडांच्या ढिगात मामांना सापडलं. आई शिकारीला गेली असणार, परत आली असती. पण मामांना वाटलं, अनाथ! बाटलीनं दूध पाजलं, उशाशी झोपवलं. मामींचेसुद्धा एवढे लाड कधी झाले नाहीत. हसू नका, मामी इथेच आहेत. अंगावर ठिपके नीट दिसायला लागले तेव्हा कळलं, हे घरचं मांजर नव्हे. मग मामांनी तिला बाईंच्या केंद्रात आणलं, पण तोवर तिला मामाच आई वाटायला लागले होते.

मंडळी, ही जात संपत आलीय हो. झाडी तुटली, आणि उरलेल्या मांजरी गावातल्या बोक्यांबरोबर राहायला लागल्या. त्यांच्या पिल्लांना रान नको, पाव हवा. पलीकडच्या झाडीत एक खरा रानबोका अजून ओरडतो. यंदा त्याला कुणी ओ दिलेली बाईंनी ऐकली नाही. म्हणून ठिपकी रानात जायला हवी. आणि रानात टिकायचं तर माणसाची भीती हवी.

त्यासाठी बाईंनी मला कामावर ठेवलं. म्हणाल्या, "माणूस ही वाईट जात आहे, एवढं तिला पटव."

म्हटलं, "सोपंय बाई. अख्ख्या शाळेला पटवलंय."

काय नाही केलं मी? डबे बडवले, मुखवटे घातले, अंगावर पाण्याचा पाइप सोडला. शेजारच्या पिंजऱ्यातली मांजरं माझी चाहूल लागली तरी कोपरा गाठायची. आणि ही? सर्कस बघायला आल्यासारखी पुढे येऊन बसायची. भिजली तरी जाळीला अंग घासायची. परवा बाई तिच्यासमोर नुसत्या बसून राहिल्या. म्हणाल्या, "इतका जीव कुणी लावला रे हिला? मारून टाकलं की पोरीला." तेव्हा मामा माझ्या मागेच उभे होते.

मामा, तुम्हाला दुखवायला नाही सांगत. पण उद्या आपल्या केंद्राला कुलूप लागणार. राहिलेली जनावरं प्राणिसंग्रहालयात जाणार, जन्मभर गजाआड. म्हणून बाई तिला आजच सोडतायत. तयार नाही, तरी सोडतायत. दुसरा इलाजच नाही! आणि ती परत येणार. आधी बेकरीच्या मागच्या दाराशी, मग तुमच्या-तुमच्या दाराशी. कुणी एकानं जरी बशी पुढे केली, की खेळ खलास. बाई नसतील, मी तरी कुठे कुठे पुरणार?

मग करायचं काय? हाकलायचं! चला, सराव करू. अध्यक्षांपासून सुरुवात. मामा, ती आलीय, पायात घोटाळतेय. हाकला!

काय म्हणालात? "जा गं ठिपके"? अहो, एवढं गोड बोललात तर मांडीवर चढून बसेल ती! पोटातून ओरडा. "मला नाही जमत"? जमवा हो मामा, पाया पडतो तुमच्या. आपण तिला आवडलो तर ती मेली. हे असं उलटं का, ते मला विचारू नका, मी दोनदा नापास झालेला माणूस आहे.

बाई, तुम्ही जनावरं वाचवलीत म्हणून सगळेच आभार मानतील. मी मानतो ते या कार्ट्याच्या खोड्यांना पगार दिलात म्हणून. अध्यक्षांचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे, मध्येच उठून न गेलेल्यांचेही आभार. जीभ घसरली असेल, कुणाला लागलं असेल, तर आपलंच पोर म्हणून पोटात घाला.

आणि टाळ्या इथे नकोत. गाडी बाहेर उभी आहे, पिंजरा आत आहे. सगळे झाडीपर्यंत चला. बाई दार उघडतील, तेव्हा वाजवा. मामा, तुम्ही सगळ्यांच्या पुढे उभे राहा, आणि सगळ्यांत जोरात वाजवा.