काचेवरचा थेंब

रक्ताच्या आजारांवरचं संशोधन मी का सोडलं, विचारता? मग ऐका.

निजामाच्या राज्यात मी जिंतूरच्या दवाखान्यात होतो. शिवप्पा नावाचे लिंगायत शेतकरी आपल्या पांढऱ्याफटक पडलेल्या पोरीला घेऊन आले. तिच्या बोटातला एक थेंब काचेवर घेऊन मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. असला नमुना मी कित्येक वर्षं शोधत होतो.

चार दिवसांत पोर गेली. शिवप्पा दारात उभे.

"डाक्टरसाब, ती काच द्या. आमच्यात जाळीत न्हाईत, पुरतेत. लेकरू सगळंच्या सगळं मातीत जायला पायजे."

मी काच दिली. ती हातात घेऊन त्यांनी विचारलं, "ह्यात आजार दिसला व्हता का?"

"दिसला होता."

"मग दवा?"

"दवा कुणाकडंच नाही."

"मग बघितलं कशाला?"