भेगा पडलेली टाच

सेला : अजून चालतोच आहे.

नेव्हिल : कोण?

सेला : कोण म्हणजे? तुमच्या पिक्चरमधला रखवालदार. मिठागराच्या बांधावरून. सर, मी चहा टाकून आले तेव्हाही हा चालतच होता.

नेव्हिल : साडेचार मिनिटं चालतो तो. कुठेही न तोडता एका दमात घेतलंय. आभाळ कसं आहे सांग.

सेला : पांढरं. खाली मीठ पांढरं, वर आभाळ पांढरं आणि मधे हा बाबा, चहात पडलेल्या मुंगीसारखा.

नेव्हिल : दुधात.

सेला : काय?

नेव्हिल : पांढऱ्यात पडलेली मुंगी म्हणजे दुधातली. चहातली कशी असेल?

सेला : बघा! डोळे गेले तरी मास्तरकी गेली नाही. माझ्या दोन्ही पोरांच्या निबंधांवर अशाच लाल रेघा मारायचात.

नेव्हिल : थोरला बरा लिहायचा. आणि डोळे गेलेले नाहीत माझे. मधलं गेलंय, कडेकडेचं दिसतं. तुझ्याकडे पाहिलं की चेहरा सोडून सगळी तू दिसतेस.

सेला : मग काही फारसं बिघडलं नाही. पण एक विचारू? मागच्या मंगळवारची ती रेघोट्यांची फिल्म मला आवडली होती. माणूस नाही, गोष्ट नाही, नुसते पट्टे आणि ठिपके नाचतात. ती कळली. ही का कळत नाही?

नेव्हिल : ती कळली? सेला, ती पाहून आमच्या फिल्म सोसायटीतली अर्धी माणसं उठून गेली होती. कॅमेरा न लावता, फिल्मच्या पट्टीवरच सुईनं कोरून केलेली ती.

सेला : त्यात न कळायला काय झालं? आमच्या टोंगा बेटांवर बायका झाडाची साल कुटून कापड करतात, त्यावर असेच पट्टे आणि ठिपके काढतात. लग्नात अंथरतात, मयतीला गुंडाळतात. त्याचा अर्थ काय, असं कुणी विचारत बसत नाही. ह्या रखवालदाराला मात्र तुम्ही अर्थ लावून ठेवलाय, आणि मी तो शोधतेय.

नेव्हिल : लावून ठेवलाय खरा. त्रेचाळीस वर्षांपूर्वी लेख लिहिला मी ह्यावर. अजून लोक त्याचा दाखला देतात. म्हणून तर सोसायटीच्या रोवीनानं ही नवी, धुऊनपुसून स्वच्छ केलेली प्रत पाठवली. रविवारी दोन वाजता हॉलवर हा दाखवायचा आणि मी आधी पंधरा मिनिटं बोलायचं. शेवटचंच बोलणं. मग लेक म्हणते तसं तिच्याकडे पर्थला राहायला.

सेला : पर्थचं ठरलं?

नेव्हिल : न दिसणाऱ्या माणसानं इथे राहून काय करायचं? पेंग्विन मोजायचे? बघ, आता तो घरात आला असेल. बोचकं बांधतोय?

सेला : बांधतोय. उचललं. दार उघडलं. निघाला.

नेव्हिल : आता नीट बघ. कॅमेरा घरात आहे. तो बाहेर त्या पांढऱ्यात लहान लहान होत जातो. आणि दार आपोआप मिटतं. हात नाही, वारा नाही. घरच डोळे मिटून घेतं. जगात त्याचं कुणी उरलेलं नाही. झालं? मिटलं?

सेला : मिटलं. पण आपोआप नाही.

नेव्हिल : म्हणजे?

सेला : बाईनं लावलं.

नेव्हिल : कुठल्या बाईनं?

सेला : पायानं लावलं हो तिनं. खाली डाव्या कोपऱ्यात टाच दिसली. थांबा, मागे नेते. ही बघा, अनवाणी टाच, भेगा पडलेली. दाराला लागली आणि ढकललं.

नेव्हिल : सेला, अकरा वेळा पाहिलाय मी हा चित्रपट.

सेला : पाहिला असेल. टाच आहे.

नेव्हिल : सावली असेल. फिल्मवरचा डाग.

सेला : डागाला भेगा नसतात. अहो, दिवसाला चार म्हाताऱ्यांचे पाय चोळते मी, तुमचेसुद्धा. कामाच्या बाईची टाच ओळखू येत नाही का मला? तीच ती शेजारीण, मधे रश्श्याचं भांडं घेऊन आलेली.

नेव्हिल : तिचं चित्रपटात काहीच काम नाही. लेखात मी तिचं नावही घेतलेलं नाही.

सेला : त्याला मी काय करू?

नेव्हिल : बंद कर तो. आज एवढं पुरे. आणि हे बघ, मांस कारखान्याच्या कँटीनमध्ये पिक्चर बघणं वेगळं आणि हे वेगळं.

सेला : चहा टेबलावर ठेवलाय. उजव्या हाताला. येते मी.

*

सेला : दार उघडंच टाकलंय तुम्ही. समुद्राचा वारा सगळा घरात.

नेव्हिल : तू येशील की नाही, कळत नव्हतं.

सेला : शुक्रवार आहे. शुक्रवारी मी येतेच. राग आला तरी तुमचे मोजे कोण धुणार?

नेव्हिल : सेला, त्या दिवशी मी जे बोललो ते फार वाईट बोललो.

सेला : बोललात खरे. माझा नवरा वीस वर्षं त्या कारखान्यात राबलाय.

नेव्हिल : माझं चुकलं.

सेला : बरं. पाय वर घ्या, तेल लावते. रोवीनाबाई दुकानात भेटल्या, तोंड एवढंसं झालं होतं. म्हणाल्या, तुम्ही रविवारी येत नाही म्हणून कळवलंत.

नेव्हिल : मीच तिला फोन करून ती शेवटची जागा बघायला सांगितलं. तिलाही दिसली. जुन्या प्रती काळवंडलेल्या होत्या, तो कोपरा अंधारातच असायचा. आता मी तिथे उभा राहून काय सांगू? बायांनो, बाप्यांनो, त्रेचाळीस वर्षं मी तुम्हाला भलतंच शिकवलं?

सेला : सांगा की. त्यात कुणी मेलंय का?

नेव्हिल : मॅरियन.

सेला : बाई? त्यांचा काय संबंध?

नेव्हिल : ती पहिल्यांदा माझ्याबरोबर बघायला आली तेव्हा बाहेर पडताना म्हणाली, मला काही हा एवढा दुःखी वाटला नाही बाई, घरात अजून कुणीतरी आहेसं वाटलं. चारचौघांत म्हणाली. आणि मी, तिचा नवरा, हसलो तिला. सगळ्यांसमोर. नंतर तिनं कधी कुठल्याच चित्रपटावर मत दिलं नाही. सोबत यायची, चहाबरोबर खायला स्कोन करून आणायची, वाटायची. तीस वर्षं, जाईपर्यंत.

सेला : त्यांना माहीत होतं तर.

नेव्हिल : तिला दिसलं नसणार. नुसतं वाटलं. आणि मी त्यावर लाल रेघ मारली.

सेला : दुसरा पाय द्या. आणि उठा नंतर. मी लावते तो पिक्चर.

नेव्हिल : काय उपयोग?

सेला : तुम्हाला कडेचं दिसतं ना? मग टीव्हीकडे बघूच नका. खुर्ची पुढे घ्या, अजून. आता मान फिरवा, खिडकीकडे बघा. ती फुशियाच्या फुलांची कुंडी आहे ना, तिकडे. तिकडेच बघत राहा हं. लावते.

नेव्हिल : काहीतरी पांढरं आहे. ते मीठ.

सेला : हं. खिडकीकडेच बघा. आता काळं येईल, ते दार.

नेव्हिल : आलं. आणि... पुन्हा लाव.

सेला : दिसलं?

नेव्हिल : पुन्हा लाव.

सेला : लावते.

नेव्हिल : हललं. खाली काहीतरी फिकट हललं. सेला, आहे गं ती.

सेला : मग मी काय खोटं सांगत होते?

नेव्हिल : पण पायानं का? तिनं त्याला हाकललं का? जा बाबा एकदाचा, असं?

सेला : छे! रागानं लावलेलं दार धाडकन आपटतं. हिनं हळू लोटलंय. पायानं दार बाई कधी लावते? दोन्ही हात गुंतलेले असले की.

नेव्हिल : हात गुंतलेले.

सेला : मी नेहमी लावते तसं. तुमच्याकडचे कपडे घेऊन निघताना.

नेव्हिल : काय असेल हातात?

सेला : ते दाखवलेलं नाही.

नेव्हिल : दाखवलेलं नाही! अकरा वेळा पाहिला, आणि हा प्रश्नच मला पडला नाही. रोवीनाचा नंबर लाव. आणि रविवारी तू चर्चमधून किती वाजता सुटतेस?

सेला : बाराला. का?

नेव्हिल : तू माझ्या शेजारी उभी राहणार आहेस.

सेला : मी? हॉलवर? आणि काय सांगू?

नेव्हिल : मला सांगितलंस तेच. टाचेचं.

*

(रविवार, दुपारचे साडेचार. चित्रपट संपला आहे. हॉलच्या मागच्या खोलीत चहाचे कप वाजत आहेत.)

रोवीना : नेव्हिल, अर्ध्या तासापूर्वी संपलाय चित्रपट, एक माणूस घरी जायला तयार नाही. तिकडे दोन टोळ्या पडल्यात. टपाल कचेरीतला गॉर्डन म्हणतोय, हातात सरपण होतं. त्याची बायको म्हणते, तान्हं मूल.

नेव्हिल : मूल? ते कुठून आलं?

रोवीना : तेच मीही विचारलं. म्हणाली, आम्हाला तिच्याबद्दल काही ठाऊकच कुठे आहे! आणि सेला, तुझ्या त्या भेगांच्या वर्णनावर पुढची रांग आपापले बूट चाचपत होती.

सेला : एकटीनं उभं राहून बोलायची सवय कुठे मला! चर्चमध्ये गाते तेव्हा चाळीस जणी सोबत असतात हो.

रोवीना : आणि नेव्हिल, तुम्ही मॅरियनचं नाव घेतलंत ते... ती माझ्या शेजारी बसायची. नेहमी तिसऱ्या रांगेत.

नेव्हिल : ठाऊक आहे. उशीर केला मी.

रोवीना : केलात. पण सांगितलंत. बरं, पुढच्या महिन्याचं काय? तुम्ही पर्थला गेलात तर मी त्या राक्षसी खेकड्यांचा चित्रपट लावणार. पोरं कधीची मागं लागलीयत, पाठ आहे त्यांना तो.

नेव्हिल : खेकड्यांचा? तो टुकार आहे, रोवीना. पण टुकार का आवडतो, हेही बघायला हवं. सेला, मंगळवारी खेकडे चालतील?

सेला : मंगळवारी? म्हणजे पर्थ?

नेव्हिल : लेकीला सांगितलंय, नाताळात येतो. पंधरा दिवस. मग परत. माझ्या कपाटात चाळीसेक चित्रपट आहेत, आणि त्यांतलं मी काय काय पाहिलेलं नाही, देव जाणे.

सेला : आधीच सांगते, चालणारी माणसं कमी असलेले आधी लावायचे.

नेव्हिल : कबूल.

रोवीना : सेला, मला मात्र झोप लागायची नाही. तू सांग ना, तुला काय वाटतं? काय असेल तिच्या हातात?

सेला : काय असेल ते असो, रोवीनाबाई. दार लावायला म्हणून तिनं ते खाली ठेवलं नाही.