सोवळ्यातले दोन तास

मालवणात हॉस्पिटलच्या बिलाच्या खिडकीवर माझ्यापुढे आनंदीबाई आणि त्यांचे यजमान उभे होते.

खिडकीतली मुलगी रिपोर्ट बघत म्हणाली, "आजी, तुमच्या यंत्राच्या नोंदीत फक्त सकाळी दोन तास हृदयाचे ठोके बिघडलेत. तेव्हा काय करत होतात, असं डॉक्टर विचारतायत."

"सोवळ्यात नैवेद्य रांधी होतंय."

"छातीवर यंत्र लावून?"

"सोवळ्यात वायरी खंयच्यो? काढून ठेवलंय."

"मग नोंद चोवीस तासांची पुरी कशी?"

"अपुरी रवली तर विमावालो बिल पास करूचो नाय, असा तूच सांगितलंस. म्हणान तेवढो वेळ ह्येंनी लावल्यानी."

"आजोबांनी?"

"मी बरो आसंय गो. चल घराक."

"गप ऱ्हवा. बाय, ह्येंच्या नावान केसपेपर काढ."

"माझो विमो नाय, आनंदी."

"मी आसंय मां."