खर्जातला आवाज

कानाच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. थोरली एका कॉलेजात गायन शिकवत होती.

"ताई, या वयात कान वाजायचेच."

"वाजत नाहीत गं. माझ्या मुली प्रार्थना गायला लागल्या की खाली एक पुरुषाचा आवाज लागतो. खर्जातला."

"मुलींच्या कॉलेजात?"

"आधी ते मुलांचं होतं. चर्चनं पाळक घडवायला काढलेलं. मग तापाची साथ आली, वसतिगृहातली सगळी मुलं गेली. त्यानंतर मुलींचं केलं."

"म्हणजे एकानं अजून दाखला नेलेला नाही!"

"हसू नकोस. मुली थांबल्या की तो पुढचं कडवं धरतो. आमच्या पुस्तकात ते कडवंच नाही."

"मुलींना ऐकू येतं?"

"विचारायचा धीर होत नाही. देव करो आणि माझ्या कानातच बिघाड निघो."

"आणि मशीन लावावं लागलं तर?"

"आनंदानं लावीन."

तिचा नंबर आला. ती आत गेली आणि थोड्या वेळानं बाहेर आली.

"काय म्हणाले?"

"कान ठणठणीत आहेत. विशीतल्या मुलीसारखे."

"अगं, मग बरंच झालं की! रडतेस काय?"

"उद्या तालीम आहे."