हसरा फोटो

व्हर्लीन : नाही म्हटलं ना डेव्हियन, हे शर्ट मी छापणार नाही. दुसरं दुकान बघ.

डेव्हियन : अख्ख्या शिकागोत माझ्या गाण्यांची मिक्सटेप वाजतेय, आणि तिचे शर्ट माझ्याच आईनं छापायचे नाहीत? लोक काय म्हणतील?

व्हर्लीन : म्हणतातच आहेत. रविवारी चर्चमध्ये ओडेसा माझ्या शेजारी येऊन बसली. तिच्या कोर्डेलला गोळ्या घालून वर्ष नाही झालं, आणि माझं पोर गाण्यात त्याच्या मरणाची टिंगल करतंय. तो कसा रांगला, कसा आईला हाका मारत होता...

डेव्हियन : तो पलीकडच्या टोळीतला होता. त्यांनी माझ्या मेलेल्या दोस्तावर, रेमंडवर गाणं केलं, तेव्हा कुठे होती ओडेसा? ड्रिल रॅप असंच असतं, आई. मेलेल्याचं नाव घेतल्याशिवाय कुणी कान देत नाही.

व्हर्लीन : तिच्या हातचं मॅक अँड चीज ताट चाटूनपुसून खायचास तू. काल तिची धाकटी शाळेच्या बसमधून रडत उतरली. बसमधली पोरं तुझी ओळ म्हणत होती.

डेव्हियन : ...मला नव्हतं ठाऊक.

व्हर्लीन : आता झालं ना? काढून टाक ती ओळ.

डेव्हियन : कशी काढू? लोक तेवढीच तर माझ्याबरोबर ओरडतात. अटलांटाच्या रेकॉर्ड कंपनीनं तीच ऐकून फोन केला. ती काढली तर मी कोण? पुन्हा बर्गर भाजणारा.

व्हर्लीन : बर्गर भाजणारा पुढच्या दारानं घरी यायचा. आता आईच्या दुकानात मागच्या दारानं येतोस, चोरासारखा. गल्लीत गाडी चालू ठेवून दोस्त बसवलेस, तेही दिसतंय मला.

डेव्हियन : आज व्हिडिओचं शूटिंग आहे. पलीकडच्या टोळीच्या कोपऱ्यावर.

व्हर्लीन : कोर्डेल पडला तिथे? अरे, डोकं फिरलंय का तुझं?

डेव्हियन : तिथे उभं राहून गायलो नाही, तर म्हणतील नुसत्या तोंडाच्या वाफा. एवढं होऊ दे, मग अटलांटा. तुलाही नेतो, शपथ.

व्हर्लीन : रेमंडनंही त्याच्या आईला हेच सांगितलं होतं.

डेव्हियन : अभद्र बोलू नकोस ना!

व्हर्लीन : मी काय बोलणार? पोरं मरतात, मी त्यांच्या फोटोचे शर्ट छापते. घरचे ते घालून दफनाला जातात. माझं पोट त्याच्यावर चालतं, बाळा. देवा, काय हा धंदा!

(गल्लीतून हॉर्न वाजतो.)

डेव्हियन : निघतो. बोलावतायत.

व्हर्लीन : माझं ऐकून थांबणार नाहीस?

डेव्हियन : आता नाही थांबता येत, आई. खरंच.

व्हर्लीन : मग इकडे ये, उजेडात. तोंडावरचं फडकं काढ, फोटो घेते.

डेव्हियन : फोटो? आत्ता? बरं, काढ.

व्हर्लीन : असा नको. हस.

डेव्हियन : टेपच्या कव्हरवर हसरा फोटो? नाक कापलं जाईल माझं.

व्हर्लीन : टेपसाठी नाही.

डेव्हियन : मग कशाला?

व्हर्लीन : ओडेसा आली होती, कोर्डेलचा शर्ट करायला. तिथे त्या स्टुलावर बसून तिनं त्याचा सगळा फोन पालथा घातला. सगळीकडे तोंड बांधलेलं, कपाळाला आठ्या. हसरा एकही सापडला नाही. शेवटी दुसरीतला शाळेचा फोटो छापला. रेमंडच्या आईचीही तीच गत.

डेव्हियन : आई...

व्हर्लीन : हस रे. एवढं तरी दे मला.